जळलेला दगड

आयला निस्कानेनचा राग भडकून विझणाऱ्यातला नव्हता. तिच्या माहेरी माणसं रागावली की गप्प होत, सौनाच्या वाफेच्या खोलीत जाऊन बसत, आणि घाम गाळून बाहेर आली तरी रागावलेलीच असत. तिच्या आत्याने एका शेजारणीशी धरलेला अबोला त्या शेजारणीच्या अंत्यविधीलाही सुटला नाही. आत्या चर्चमध्ये गेली, शेवटच्या बाकावर बसली, नंतरची कॉफी प्यायली, वेलदोड्याच्या पावाचा तुकडा खाल्ला आणि एक शब्द न बोलता घरी आली. अशा रक्ताच्या बाईवर चारचौघांत खोटा आळ घ्यायचा म्हणजे माणसाने थोडा विचार करायला हवा होता. डार्सी व्हिटलॉकने तो केला नाही.

डार्सी तिचा साहेब. कॅनडातल्या थंडर बेच्या बंदराजवळ एक मालवाहतुकीची कंपनी होती, तिथे कुठली गाडी कधी कुठे सोडायची हे आयला बघायची आणि आयलाकडे डार्सी बघायचा. हिवाळ्यात तळी आणि दलदली गोठल्या की उत्तरेकडच्या वस्त्यांकडे जाणारा बर्फाचा रस्ता उघडतो. तो मार्चमध्ये कधी दगा देईल याचा नेम नसतो. त्या वर्षी एका शाळेची इमारत गरम ठेवायच्या भट्ट्या जायच्या होत्या. आयला म्हणाली, ऊन बघ बाहेर, रस्ता धरणार नाही. डार्सी कॉफीच्या यंत्रापाशी उभा होता. वळूनसुद्धा न बघता म्हणाला, "पाठव गं, तू म्हणजे ना, शेळीसारखी घाबरतेस." तिने पाठवली. गाडी चिखलात आसापर्यंत रुतली. ड्रायव्हर चालत सुखरूप बाहेर आला हे नशीब. भट्ट्या मात्र सगळा उन्हाळा तिथेच गंजत पडल्या.

मोठे साहेब विमानाने आले. डार्सीने त्यांना सांगितलं, निर्णय आयलाचा होता, मी नको म्हणत होतो. आयला उठून म्हणाली, "मी नाही, तू म्हणालास पाठव." त्यावर डार्सीने काय करावं? ओरडला नाही, चिडला नाही. दुखावलेल्या बापासारखा चेहरा करून पाहुण्यांकडे वळला आणि म्हणाला, "हेच. हेच मी म्हणत होतो. बाई कामाची आहे हो, पण चूक झाली की कबूल करत नाही."

आता यावर बोलणार काय? 'मी केली नाही' म्हणावं तर तोच पुरावा. नऊ वर्षांची नोकरी त्या एका वाक्याने गेली. नोकरी गेल्याचं दुःख तिने पचवलंही असतं. पण ते वाक्य तिच्या जिव्हारी लागलं, आणि तिथेच राहिलं.

उन्हाळाभर ती घरात बसून संगणकावरून अर्ज पाठवत राहिली. अर्ज जात होते, उत्तर येत नव्हतं. तिचा नवरा रायनो शहराची बस चालवायचा आणि दिवसभर प्रवाशांचं ऐकून घरी आल्यावर फारसा बोलायचा नाही. तोही शेवटी म्हणाला, "त्या यंत्रात तू काय टाकतेस ते कुणी वाचतं तरी का?" मग ती वाचनालयात नोकरी शोधणाऱ्यांच्या सकाळच्या गटात जाऊ लागली.

तो गट बर्निस लाव्हॅले चालवायची. धिप्पाड बाई, आवाज बंदरावरच्या भोंग्याचा. तिच्यासमोर कायम पर्शन, म्हणजे गुलाबी साखर थापलेला तिथला तळलेला गोड पाव, असायचा, आणि तो खाता खाता ती लोकांच्या आशा-निराशा सरळ करायची.

"संगणक बंद कर," पहिल्याच दिवशी ती आयलाला म्हणाली. "या गावात नोकरी जाहिरातीत येते तोवर शिळी झालेली असते. त्याआधी ती कुठे असते माहितेय? कुणाच्या तरी गॅरेजात. हॉकीच्या बाकड्यावर. चर्चच्या तळघरात पेरोगीच्या करंज्या वळणाऱ्या बायकांत. तिथे जाऊन बस."

"आणि काय करू? नोकरी मागू?"

"अजिबात नाही! नोकरी मागितली की माणूस खिसा चाचपत पळतो. सल्ला माग. सल्ला द्यायला कुणालाही आवडतं, फुकट असतो ना. आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा दिसत राहा. पहिल्यांदा लोक ओळखत नाहीत, मग मान हलवतात, मग एक दिवस विचारतात, काय गं, आली नव्हतीस गेल्या खेपेला? तिथून पुढे सगळं सुरू होतं."

आयलाला अनोळखी माणसाशी हवापाण्याच्या गप्पा मारणं म्हणजे दात काढून घेण्याइतकं अवघड. तरी ती गेली. जुने ओळखीचे ड्रायव्हर, गोदामवाले, डिझेलवाले, एकेकाला कॉफीला बोलावू लागली. सगळे आले, सगळे गोड बोलले, आणि निघताना सगळे घाईत होते. का ते तिला टायरवाल्या सिल्व्हिओने सांगितलं. सिल्व्हिओ मनाने बरा. कॉफी संपली तरी तो कप फिरवत बसला.

"आयला, तुला वाईट वाटेल."

"आधीच वाटतंय. बोल."

"डार्सी सगळीकडे सांगत फिरतोय. वाईट नाही बोलत हां तो! स्तुतीच करतो. म्हणतो, आयलासारखी कामसू बाई नाही. फक्त चूक झाली की कबूल करत नाही. आणि मग उसासा टाकतो."

"कुठे सांगतो?"

"कुठे म्हणजे? क्लबात. आणखी कुठे जातो तो?"

क्लब म्हणजे धान्याच्या कोठारांमागचा कर्लिंगचा, बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा क्लब. गावातले निम्मे गाडीमालक, ठेकेदार, गोदामवाले हिवाळ्यात तिथेच सापडतात. डार्सी तिथला जुना कर्णधार. आयला घरी आली, कोट न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली आणि रायनोला म्हणाली, "मी कर्लिंग खेळणार आहे."

रायनोने सूपाचा चमचा खाली ठेवला. "तू नोकरी शोधतेस की डार्सीला?"

"दोन्ही एकाच ठिकाणी मिळत असतील तर दोन खेपा कशाला घालू?"

रायनो हसला नाही. बायकोला तो ओळखून होता. तिने डूख धरला होता.

हंगाम सुरू झाला तशी ती शिकवणीला गेली. शाळेत असताना थोडं खेळली होती, ते कामाला आलं. बर्फाची लांब पट्टी, पलीकडच्या टोकाला रंगवलेली वर्तुळं, आणि तिकडे सरकत सोडायचा, वर मूठ बसवलेला जड दगड. दगडापुढे ब्रशने बर्फ घासत पळणारे दोघे लागतात. घासलं की दगड लांब जातो, सरळ जातो. आयलाचे खांदे चांगले होते, दम चांगला होता, आणि बर्फ घासताना समोर कुणाचा चेहरा आणायचा हा प्रश्न तिला नव्हता. ग्वेन पेल्टियर नावाच्या परिचारिकेच्या संघात एक जागा रिकामी होती, तिथे ती लागली. दुसरा घासणारा फर्डी. निवृत्त पोस्टमन, जिभेने तरुण आणि फुप्फुसांनी म्हातारा.

खेळापेक्षा खेळानंतरचं तिला जास्त हवं होतं. या लोकांची एक रीत आहे. खेळ संपला की दोन्ही संघ एका टेबलाशी समोरासमोर बसतात, आणि जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पहिला प्याला पाजायचा. मग हरलेल्यांनी उलट दुसरा. उठून जायचं नाही, तोंड फिरवायचं नाही. बर्निसने गटात ज्याच्यासाठी जीव आटवला होता ते इथे आयतं ताटात वाढलेलं होतं. दर खेपेला नवी चार माणसं समोर, आणि ग्लास संपेपर्यंत त्यांना पळायला वाट नाही.

आयला नोकरीबद्दल अवाक्षर बोलली नाही. टायर कुठले चांगले, उत्तरेला ड्रायव्हर टिकत का नाहीत, असा सल्ला विचारत राहिली. घरचा वेलदोड्याचा पाव घेऊन जायची. कुणाच्या बायकोचा गुडघा, कुणाचा कुत्रा म्हातारा झालाय, हे लक्षात ठेवून पुढच्या वेळी विचारायची. ख्रिसमसपर्यंत लोक माना हलवू लागले. जानेवारीत एकदा सर्दीने घरी राहिली तर फर्डीचा फोन, "अगं, आहेस कुठे? पाव संपला आमचा!"

तिचं लक्ष मात्र सगळ्या वेळ एका खुर्चीवर होतं. काचेच्या भिंतीआड, जिथून बर्फ दिसतो तिथे, ओरेस्ट ह्रित्साय बसलेला असायचा. त्याच्या ट्रकांचं आवार गावात सगळ्यांत मोठं. गुडघे गेले म्हणून खेळणं सुटलं होतं, पण खेळ बघणं सुटलं नव्हतं. त्याच्या आवाराचा कारभारी वसंतात निवृत्त व्हायचा होता, आणि त्या जागेवर कोण हे तो काच न सोडता ठरवणार होता. कागदावर त्याचा विश्वास नव्हता. "कागदावर सगळेच देवदूत असतात," तो म्हणायचा. "बर्फावर आणा, बघतो."

एकदा फर्डीचा ब्रश सरकत्या दगडाला चाटून गेला. अशा दगडाला ते 'जळला' म्हणतात. कर्लिंगात पंच नसतो. ज्याच्याकडून दगड जळला त्यानेच हात वर करून सांगायचं. दुसऱ्याने बोट दाखवायचं नाही, आणि स्वतःवर घेतलेल्या चुकीचा कुणी पुरावाही मागायचा नाही. दगड वर्तुळांजवळ पोहोचलेला असेल तर पुढे काय ते समोरचा कर्णधार ठरवतो. हवं तर उचलून बाजूला काढायचा, हवं तर राहू द्यायचा. आणि भला माणूस जरासा स्पर्श असेल तर 'राहू दे' म्हणतो. त्या दिवशी फर्डी "जळला!" म्हणून ओरडला, समोरच्या कर्णधाराने "राहू दे रे" म्हणून हात हलवला, आणि काचेमागे ओरेस्टने टेबलावर थाप मारली.

"पाहिलंत?" वर आल्यावर तो सगळ्यांना म्हणत होता. "कुणाला कळलं असतं? बापाला कळलं नसतं! अशा माणसाकडे मी घराच्या किल्ल्या देऊन झोपेन."

आयलाने ते ऐकलं आणि घरी घेऊन गेली.

फेब्रुवारीत गावभर झालं की डार्सीची कंपनी इथलं कार्यालय बंद करून विनिपेगला चालली आहे. डार्सीला तिकडे जागा नव्हती. डार्सीही आता ओरेस्टच्या खुर्चीशेजारी जास्त दिसू लागला. त्याला बर्निसची गरज नव्हती. वीस हिवाळे तो याच टेबलांशी प्याले पाजत आला होता.

आयला भेटली की तो फार प्रेमाने वागायचा. "बघून बरं वाटलं गं. सगळं विसरून आलीस ना इथे? मोठं मन लागतं त्याला." आणि खांद्यावर थोपटायचा. आयला हसून मान हलवायची, आणि स्वच्छतागृहात जाऊन खांदा झटकायची.

शेवटच्या आठवड्यात ओरेस्टने तिला शेजारी बसवलं. तिचा पाव खात होता.

"पोरी, तुझं काम मी ऐकून आहे. ड्रायव्हर तुझं नाव काढतात. जागा माझ्या डोक्यात आहे, तुला ठाऊकच असेल."

"ऐकलंय."

"तुझ्याबद्दल एकच वाईट कानावर आलंय. तोंडावर विचारतो. चूक झाली तर कबूल करत नाहीस म्हणे?"

तिचे कान तापले. भट्ट्या, ऊन, कॉफीचं यंत्र, सगळं ओठांवर आलं. पण बोलायला तोंड उघडलं आणि तिला दिसलं की काहीही म्हटलं तरी ते डार्सीच्याच पारड्यात पडणार. खरं बोलायची सोयच त्या माणसाने ठेवली नव्हती.

"तुम्हीच बघा आणि ठरवा," ती म्हणाली.

"बघतोच आहे," ओरेस्ट म्हणाला. "रविवारी अंतिम सामना. मग सांगतो, तुला तरी नाहीतर डार्सीला तरी."

अंतिम सामना ग्वेनच्या आणि डार्सीच्या संघात होता. सामन्याच्या आदल्या रात्री आयला सौनात बराच वेळ बसली. बाहेर आली तेव्हा लालबुंद झाली होती आणि चेहरा शांत होता. रायनो म्हणाला, "काय ठरवलंस?" ती म्हणाली, "उशी दे."

रविवारी दुपारी क्लब गच्च भरला. काचेमागे माणसं दाटीवाटीने उभी, मधे ओरेस्ट खुर्चीत. खेळ घासून चालला. शेवटच्या डावाला दोन्ही संघ बरोबरीत होते आणि शेवटचा दगड ग्वेनचा होता. वर्तुळाच्या मध्याजवळ डार्सीच्या संघाचा एक दगड बसला होता. ग्वेनचा त्याच्याही आत गेला तर चषक ग्वेनचा. कितीतरी हिवाळे ती त्या चषकाच्या मागे होती.

ग्वेनने दगड सोडला. आयला आणि फर्डी त्याच्यापुढे घासत निघाले. "घासा!" ग्वेन मागून किंचाळत होती, "घासा रे, घासा!" अर्ध्या वाटेत फर्डीला धाप लागली, तो छाती धरून मागे राहिला. आता दगड आणि आयला. दगड वर्तुळांत शिरला. वर्तुळांमागे वाकून डार्सी उभा होता, डोळे ब्रशवर खिळवून, दोन हातांवर. दगड हळू झाला, त्याच्या दगडाला ओलांडून आत सरकला, आणि ऐन मध्यावर थांबला.

काचेमागून आरोळी उठली. ग्वेन पळत यायला लागली.

आयलाने ब्रश वर धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "जळला! माझा ब्रश लागला!"

ब्रश लागला नव्हता. दगड आणि ब्रश यांच्यात चांगली वीतभर जागा होती. हे जगात दोघांनाच माहीत होतं, तिला आणि डार्सीला. तिने डार्सीकडे पाहिलं. तो तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होता.

तिने सगळं या एका क्षणावर लावलं होतं. तो नुसतं म्हणाला असता, "नाही लागला गं, मी बघत होतो, चषक तुमचा," तर आयलाचा डाव तिथेच आडवा झाला असता. ओरेस्टने त्याला मिठी मारून किल्ल्या दिल्या असत्या. खरं बोलायला लागणारे चार शब्द फक्त. पण नऊ वर्षं ती या माणसाच्या समोरच्या टेबलाशी बसली होती. दुसरा आपणहून चूक अंगावर घेतोय हे दिसलं की डार्सी काय करतो, हे तिच्याइतकं त्याच्या बायकोलाही ठाऊक नसेल.

डार्सीने ओठ चाटले. चषकाकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. मग गंभीर चेहरा करून म्हणाला, "वाईट वाटतं गं. पण नियम तो नियम." आणि वाकून ग्वेनचा दगड त्याने ब्रशने ढकलत वर्तुळाबाहेर काढला.

काचेमागे वर गेलेले हात खाली आले. डार्सीच्या संघातल्यांनीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

ग्वेन आली. तिचे डोळे भरले होते, आणि तिने काय करावं? आयलाला छातीशी धरलं. "शाबास," ती म्हणाली. "मी असते तर मला नसतं जमलं. तूच खरी." तेवढ्यापुरती मात्र आयलाला शरम वाटली. ग्वेनने तिचं काही वाकडं केलं नव्हतं आणि तिचा चषक आयलाने चोरला होता. पुढचा हिवाळा तुझा, असं तिने मनात ग्वेनला वचन दिलं आणि ब्रश पुसून ठेवला.

मग टेबल. जिंकला डार्सी, म्हणजे पाजायचं डार्सीने. तो सगळ्यांसाठी ट्रे घेऊन आला, आणि रीतीप्रमाणे आयलाच्या समोर बसला. ओरेस्ट काठी टेकत टेकत टेबलाच्या टोकाशी येऊन बसला. आजूबाजूच्या टेबलांवरचं बोलणं आपोआप बारीक झालं.

"डार्सी," ओरेस्ट म्हणाला, "तू अगदी जवळ होतास. ब्रश लागताना पाहिलास?"

डार्सीने ट्रे उगाच सरळ केला.

"साधं विचारतोय. लागला की नाही?"

आता आली पंचाईत. 'नाही' म्हणावं तर दगड का काढलास? डार्सीने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला. "लागला," तो म्हणाला. "जरासा. पण लागला."

"जरासा."

"हो."

"जरासा लागला, पोरीने आपणहून सांगितलं, आणि तू काढलास."

"नियमात बसतं, ओरेस्ट."

"बसतं की. नाही कोण म्हणतं?" ओरेस्टने त्याच्याकडे पुन्हा पाहिलंच नाही. तो आयलाकडे वळला. "मला कुणी सांगितलं होतं, ही बाई चूक कबूल करत नाही. चषक हातात असताना, कुणाला दिसलं नसताना, भर सभेत कबूल करते ही! कोण गाढव होता तो सांगणारा?"

फर्डी मोठ्याने खोकला. सगळ्यांना माहीत होतं कोण ते. सिल्व्हिओने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. डार्सीची मान लाल झाली, मग कान.

"सोमवारी ये आवारात," ओरेस्ट आयलाला म्हणाला. "जुन्या कारभाऱ्याकडून समजून घे सगळं. आणि तो पाव आण येताना."

टाळ्या पडल्या. ग्वेनने सगळ्यांत मोठ्याने वाजवल्या. फर्डीने आयलाच्या पाठीत असा धपाटा घातला की तिला ठसका लागला. ओरेस्ट उठला, काठी टेकत गेला, त्याच्यामागे गर्दी पांगली. कुणीतरी चषक आणून डार्सीपुढे ठेवला आणि न थांबता निघून गेला. टेबलाशी दोघंच राहिली. प्यायल्याशिवाय उठायचं नाही ही रीत, आणि डार्सीचा ग्लास अजून अर्धा होता.

तो पुढे वाकला. आवाज पार खाली गेला होता. "ब्रश लागला नव्हता तुझा."

"माहितेय मला," आयला म्हणाली.

"मी सांगेन त्याला. आत्ता जाऊन सांगेन."

"सांग ना. काय सांगशील? तिने न केलेली चूक अंगावर घेतली, मला दिसत होतं, तरी मी दगड काढला आणि वर साक्षही दिली?" तिने मान तिरकी केली. "जा. बसलाय तिकडे."

डार्सी उठला नाही. त्याचं तोंड उघडलं, मिटलं. गेल्या वर्षी मोठ्या साहेबांपुढे आपलं तोंड असंच दिसत असणार, हे तिला त्याच्याकडे बघताना कळलं, आणि तिला इतकं बरं वाटलं की बरं वाटल्याची लाजसुद्धा वाटली नाही.

"मला दुसरं काही नाहीये, आयला," तो म्हणाला. "विनिपेगवाले घेत नाहीत. गावात या जागेशिवाय..."

"बर्निस म्हणून एक बाई आहे," आयला म्हणाली. "वाचनालयात असते. जा तिच्याकडे, चांगली आहे. ती सांगेल तुला, नोकरी मागू नकोस, सल्ला माग. एकाच जागी दिसत राहा." तिने ब्रशची पिशवी जवळ ओढली. "इथे नको दिसूस इतकंच."

"तू मला खोटं ठरवलंस."

"मी? तोंडाने 'लागला' म्हणालास तो तू." तिने त्याने पाजलेला ग्लास उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. "भट्ट्या मी पाठवल्या नव्हत्या, डार्सी. ती चूक तू माझ्या गळ्यात बांधलीस, फुकटात. आज पुन्हा न केलेलीच चूक घेतली मी. फक्त या वेळी स्वतः घेतली, आणि भाव मी ठरवला."

तो चषकाकडे बघत राहिला. त्यावर त्याचं नाव कोरलं जाणार होतं, आणि दर हिवाळ्यात ते वाचून लोकांना आजचा दिवस आठवणार होता. तेही त्याला आत्ताच कळलं असावं, कारण त्याने चषक हळूच बाजूला सरकवला.

आयलाने ब्रशची पिशवी खांद्याला लावली आणि उठली. दोन पावलं गेली आणि परत वळली. पहिला प्याला जिंकणाऱ्याचा, दुसरा हरणाऱ्याचा. रीत म्हणजे रीत.

"तर," ती हसून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हरले मी. आता पाळी माझी. काय घेणार, डार्सी?"